क्रॉन्काइट ‘वृत्तनिवेदक’ होते का?

प्रश्न असा आहे : अमेरिकी टीव्ही पत्रकार वॉल्टर क्रॉन्काइट यांच्यावर मराठीत लिहायचं, तर ‘अँकर’साठी ‘वृत्तनिवेदक’ वापरावा, ‘सूत्रसंचालक’ वापरावा, की अँकरच राहू द्यावा?

‘सूत्रसंचालक’ आधी बाजूला काढू. तो मंचावरचा शब्द. पाहुण्यांची ओळख करून द्यायची, अधूनमधून चारोळी पेरायची. बातम्यांशी त्याचं जमत नाही.

‘वृत्तनिवेदक’ मात्र चांगला रुळलेला शब्द आहे. १९७२मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि तो घराघरांत पोचला. प्रदीप भिडे यांचं नाव निघालं की आजही हाच शब्द आठवतो. सिनेमात जाण्याआधी स्मिता पाटील तिथे बातम्या द्यायच्या, त्या वृत्तनिवेदिका. हातात आलेली बातमी स्वच्छ उच्चारांत, स्वतःचं मत चेहऱ्यावर न उमटू देता सांगायची, ही त्यातली अपेक्षा. आणि ती सोपी नाही, हे हल्लीची आरडाओरड ऐकणाऱ्यांना पटावं.

क्रॉन्काइट यांचं काम तिथे संपत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात ते युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे वार्ताहर होते, पुढे नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्याच्या बातम्या त्यांनी दिल्या. १९५०मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीत आले. १९६२ ते १९८१ तिथलं संध्याकाळचं बातमीपत्र त्यांच्याकडे होतं, तेही ‘मॅनेजिंग एडिटर’ या पदासह. म्हणजे कुठली बातमी वर घ्यायची, कुठली गाळायची, यात त्यांचा शब्द चालायचा.

२२ नोव्हेंबर १९६३चं चित्रण पाहा. क्रॉन्काइट कोट न घालता, शर्ट-टायवर बसलेत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या मृत्यूची बातमी डलासहून आलेली आहे. ते ती सांगतात, पण अधिकृत दुजोरा नाही हे लगेच जोडून. मग हातात वृत्तसंस्थेच्या तारेचा कागद येतो. ते चष्मा लावून वाचतात, चष्मा काढतात, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात आणि मृत्यू अडतीस मिनिटांपूर्वी झाला, असा हिशेब सांगतात. आवाज क्षणभर अडकतो. ‘दुजोरा नाही’ हे ठणकावणारा तिथे संपादक आहे, निव्वळ निवेदक नव्हे.

आता ‘अँकर’. १९५२च्या अमेरिकी राजकीय पक्षांच्या अधिवेशनांच्या प्रक्षेपणात हा शब्द त्यांना चिकटला आणि गाजला, पण टीव्हीवर तो त्याआधीही वापरात होता. त्यामुळे ‘पहिले अँकर’ असं लिहू नका. अर्थही जहाजाच्या नांगरापाशी थांबत नाही. रस्सीखेचीत सर्वांत मागे पाय रोवून उभा राहणारा गडी अँकर, रिलेत शेवटची धाव घेणाराही अँकर. चहूकडून येणारे वार्ताहर शेवटी ज्याच्यापाशी येतात तो, ही छटा ‘नांगर’ लिहून येणार नाही; आपल्याकडे वाचकाला आधी शेत दिसेल.

स्वीडनमध्ये अँकरना ‘क्रॉन्काइटर’ म्हणतात, ही लोकप्रिय गोष्टही टाळा. शब्दांच्या अभ्यासकांनी शोध घेतला, तिला आधार सापडला नाही. स्वीडिश माणूस सरळ ‘न्यूहेट्सआंकारे’ म्हणतो, त्यातही अँकरच बसलाय.

म्हणून माझं मत : त्यांच्यासाठी ‘अँकर’ ठेवा आणि पहिल्या उल्लेखात ‘बातमीपत्राचे संपादक व अँकर’ असं लिहा. फक्त छापील वृत्तपत्राच्या माणसाला मजकूर दाखवताना जपून. त्याच्या लेखी अँकर म्हणजे पहिल्या पानाच्या तळाची बातमी.