फुमदीला पाणवेल म्हणावं का?

मणिपूरच्या लोकताक सरोवरावरचा मजकूर मराठीत आणणाऱ्या एका मैत्रिणीने विचारलंय, की तिथल्या तरंगत्या 'फुमदी'ला 'पाणवेल' म्हटलं तर चालेल का? प्रश्न अगदी नाशिककराला पडावा असा. गोदावरीत हिरवा थर दिसला की आपल्या तोंडी पाणवेलीच येतात. (बाकीचा महाराष्ट्र जलपर्णी म्हणतो.)

माझ्या मते नाही चालणार. पाणवेलीचं एक रोप उपटून बघा: फुगीर, हवा भरलेले देठ, खाली काळपट मुळांचा झुपका, माती चिमूटभरही नाही. फुमदी म्हणजे गवत, मुळं, कुजका पाला आणि माती यांची एकजीव झालेली गादी. काही ठिकाणी ती दोन मीटरपर्यंत जाड, आणि त्यातला बराचसा भाग पाण्याखाली. तिच्यावर मासेमार झोपड्या बांधतात, केयबुल लमजाओ राष्ट्रीय उद्यानात तर सांगाई हरणं चरतात. आपल्या पाणवेलीवर फार तर एखादा वंचक बगळा बसतो.

मग 'तरंगतं बेट'? हे मला आवडतं, आणि त्याचं श्रेय 'बेट' या शब्दाला. मराठीत पाण्याने वेढलेली जमीन म्हणजे बेट, आणि दाट जाळीही बेटच. बांबूचं बेट आपण म्हणतोच की. फुमदीला दोन्ही अर्थ लागू पडतात.

फक्त 'तरंगतं' हे विशेषण पूर्वी बारमाही खरं नव्हतं, आणि असूही नये. उन्हाळ्यात पाणी उतरलं की फुमदी तळाला टेकायची, मुळं गाळातून पोषण घ्यायची आणि पावसाळ्यात ती पुन्हा वर यायची. 1983 मध्ये इथाई बंधारा झाल्यापासून पाणी वर्षभर चढलेलं राहतं. फुमदीला तळ गाठता येत नाही, ती पातळ होत जाते आणि सांगाईचे पाय रुततात. म्हणजे 'सतत तरंगणारं बेट' हे तिथलं वर्णन नव्हे, दुखणं आहे.

म्हणून पहिल्यांदा 'फुमदी, म्हणजे तरंगतं बेट' असं लिहा, पुढे नुसतं फुमदी. 'फुमडी' नको, मणिपुरीत मूर्धन्य ड नाही. अनेकवचन बिनधास्त फुमद्या करा, नदी-नद्यांसारखं.