खर्रा सोडायचाय, पण जमत नाही : वाचकांचे प्रश्न

वस्तीतल्या दवाखान्यात रोज दहा-बारा जणांच्या तोंडात टॉर्च मारून बघते. तंबाखूबद्दल, म्हणजे मुख्यतः खर्र्याबद्दल (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण), या वेळी आलेले प्रश्नही अशाच लोकांचे आहेत. कुणी ठिय्यावर उभं राहून काम मिळवणारं, कुणी धुणीभांडी करणारी. नावं छापत नाही.

प्रश्न : मी सेंट्रिंगच्या कामावर आहे. दिवसाला पाच खर्रे होतात, पहिला उठल्या उठल्या लागतो. दोनदा सोडून पाहिला, तिसऱ्या दिवशी परत ठेल्यावर गेलो. गमने सुटतो म्हणतात, पण ती महाग. आम्ही काय करावं? (हिंगणा रोड)

सोडल्यानंतरचा दुसरा-तिसरा दिवस सगळ्यांत कठीण असतो. डोकं दुखतं, घरच्यांवर उगाच ओरडणं होतं, झोप लागत नाही. त्यानंतर त्रास उतरत जातो आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेक ओसरतो. तुम्ही दोन्ही वेळा नेमके चढण संपता संपता मागे फिरलात. तुमचं मन कच्चं आहे असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नका. सुपारी-तंबाखूत चुना घोटला की तंबाखूतलं सवय लावणारं निकोटिन गालाच्या आतून भराभर रक्तात उतरतं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत खर्रा लागतो, याचा अर्थ शरीर त्याला पक्कं बांधलं गेलंय. अशा माणसाला औषधाचा आधार द्यायलाच हवा.

निकोटिनची गम 2 आणि 4 मिलिग्रॅममध्ये येते. तुमच्यासारख्याला बहुधा 4 ची लागते, ती डॉक्टरांना विचारूनच घ्या. खाण्याची पद्धत नीट समजून घ्या, कारण इथेच घोळ होतो. मागे एका मिस्त्रीला गम दिली, तो चार दिवसांत परत आला. "मॅडम, याने तर नुसत्या उचक्या लागते." म्हटलं, माझ्यासमोर खाऊन दाखवा. त्यांनी गम तोंडात टाकली आणि खर्र्यातली सुपारी फोडावी तशी कराकरा चावत सुटले, वर रस गिळतही होते. गम अशी खायची नसते. हळूहळू चावायची, तिखट चव आली की थांबायचं आणि गाल व हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची. चव गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायची. एक गम अर्धा तास पुरते. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा नको, चहाने निकोटिन नीट शोषलं जात नाही. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, मग कमी करत साधारण 12 आठवड्यांत बंद.

आता पैशांचं. तुमच्याकडे खर्रा ₹30 ला असेल तर पाचाचे दिवसाला ₹150, महिन्याचे ₹4,500 होतात. तरीही गम महाग वाटते, आणि ते मला समजतं. खर्रा रोजीतून एकेक घेता येतो, गमची पट्टी एकदम घ्यावी लागते, आणि त्या दिवशी खिशात तेवढे नसतात. म्हणून आधी सरकारी दवाखान्यात विचारा. 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ही औषधं आली आहेत. खिडकीवर ती नेहमी असतातच असं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तरी मागत राहा. कुणी मागितलंच नाही तर पुढच्या मागणीपत्रात ते नाव चढत नाही.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. घरी गेल्यावर तंबाखूचं विचारलं की लोक चिडतात, "आमच्या पैशाने खातो" म्हणतात. कसं विचारावं? (उत्तर नागपूर)

ताई, सगळी मदार तुमच्यावरच आहे. दवाखान्यात आम्हाला माणूस पाच मिनिटं भेटतो, तुम्ही त्याच्या गल्लीतून रोज जाता.

'खर्रा खाता का?' या प्रश्नात लोकांना आरोप ऐकू येतो. बीपी किती, साखर तपासली का, त्याच ओळीत तंबाखूचंही विचारा आणि घरातल्या प्रत्येकाला विचारा, आजीलाही. खातो म्हटलं तर लगेच कॅन्सरचा फोटो पुढे करू नका. तो फोटो त्याने पुडीवर हजारदा पाहिलाय. 'पहिला किती वाजता लागतो? कधी सोडून पाहिला होता का? तेव्हा काय झालं?' एवढंच विचारा आणि ऐका. बहुतेकांनी सोडून पाहिलेला असतो, पण ते त्यांना आजवर कुणी विचारलेलं नसतं.

तयारी दाखवली तर तारीख ठरवा, त्यानेच ठरवायची. लग्नसराईतली नको, आठवड्याची मजुरी मिळते तो दिवसही नको. मग तारखेनंतर तिसऱ्या दिवशी त्याच्या दारात जा. महिन्याने गेलात तर उशीर झालेला असतो. 'कसं चाललंय?' एवढं म्हणून पुढे गेलात तरी पुरे. आणि 'आत्ता नाही जमणार' म्हणाला तर 'बरं दादा, पुढच्या वेळी बोलू' म्हणा आणि पुढच्या वेळी खरंच बोला.

प्रश्न : पाचवा महिना चालू आहे. लहानपणापासून दातांना गुडाखू घासते. दवाखान्यात सांगायची लाज वाटते. (वाचक, पारडी)

सांगा, बाई. रागावण्यासाठी आम्ही तिथे बसलेलो नाही, आणि कुणी रागावलंच तर ती चूक त्यांची. गुडाखू म्हणजे गुळात कालवलेली तंबाखूच. हिरडीतून निकोटिन तुमच्या रक्तात जातं आणि तिथून बाळापर्यंत. बाळाचं वजन कमी भरण्याचा, वेळेआधी बाळंतपणाचा धोका वाढतो. पाचव्या महिन्यात सोडलं तरी बाळाला फायदा होतो, उशीर झाला असं मनात आणू नका. निकोटिनची गम किंवा गोळी स्वतःहून घेऊ नका. गरोदरपणात आधी समुपदेशन, औषधाचं डॉक्टर ठरवतील. सकाळी हात डबीकडे जाईल तेव्हा साध्या पेस्टने ब्रश करा आणि डबी घरातून बाहेर काढा. सासूबाईही घासत असतील तर दोघी मिळून या.

प्रश्न : तंबाखू सोडून सहा महिने झाले. आता नुसती सुपारी-चुना घोटून घेतो. पण तिखट झोंबतं आणि तोंड पूर्वीसारखं उघडत नाही. (इतवारी)

तुमची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून पाहा. जात नसतील तर याच आठवड्यात दाखवा. नागपुरात मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात ही तपासणी होते. तुम्ही सांगता ती लक्षणं सबम्युकस फायब्रोसिसची वाटतात. गालाच्या आतलं मऊ अस्तर दोरीसारखं ताठ होत जातं, आणि त्याचं मुख्य कारण सुपारीच आहे. 'तंबाखू नाही ना, मग चालतं' हा समज मी रोज ऐकते आणि रोज धास्तावते. सुपारी स्वतःच कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच जाहीर केलं आहे. घट्ट झालेलं तोंड पूर्ण पहिल्यासारखं होत नाही, पण सुपारी थांबवली तर आजार वाढण्याला लगाम बसतो आणि व्यायाम-औषधांनी थोडं मोकळं करता येतं. ज्यांचं तोंड असं घट्ट आहे त्यांनी निकोटिन हवंच असेल तर चावायची गम न घेता अंगावर चिकटवायच्या पॅचबद्दल विचारावं. पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर एक दिवसही थांबू नका.

प्रश्न : खर्रा खाल्ल्याशिवाय पोट काहून साफ होत नाही? (ऑटोचालक)

निकोटिन आतड्यांना ढकलतं, त्यामुळे तुमचा अनुभव खोटा नाही. सोडल्यावर काही आठवडे कडक होतंच. उठल्यावर दोन ग्लास कोमट पाणी, जेवणात भाजी-भाकरी आणि थोडं चालणं याने फरक पडतो. तरी नाहीच झालं तर रेचक आम्ही देऊ, खर्र्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

प्रश्न : दोन महिने बंद होता. मित्राच्या तेरवीत एक खाल्ला, आता रोज दोन होतात. सगळं पाण्यात गेलं का? (वाडी)

नाही. साठ दिवस राहून दाखवलंत, ते शरीर विसरलेलं नाही. सोडणाऱ्यांपैकी बरेच जण दोन-तीन फेऱ्यांनंतरच कायमचे सुटतात. कुठे पाय घसरला ते तुम्हीच लिहिलंय : तेरवी, मित्र, हातात आलेली खर्र्याची पन्नी. पुढच्या अशा ठिकाणी जाण्याआधी खिशात बडीशेप आणि गम ठेवा, आणि एका मित्राला आधीच सांगून ठेवा की मला देऊ नको. तलफ काही मिनिटांत उतरते, तेवढा वेळ फोनवर काढा. 1800-11-2356 हा तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या राष्ट्रीय क्विटलाइनचा क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत. पानठेल्यासमोरून जायच्या आधी लावलात तर अधिक बरं.