मुल्हेरला घरच्यांना घेऊन जाताय? राजवाड्याला वेळ द्या

ताई, तुम्ही विचारलंय की साठीच्या पुढचे आईबाबा आणि दहा वर्षांचा मुलगा सोबत आहे, नाशिकहून एका दिवसात किल्ला आणि राजवाडा दोन्ही बघायचेत, तर साल्हेर की मुल्हेर. मी डोळे झाकून मुल्हेर सांगेन. साल्हेर 1567 मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, मराठे-मुघलांची 1672 ची लढाई तिथलीच, जायलाच हवं, पण या वेळी नको, चढ फार अंगावर येतो.

मुल्हेर ही बागलाणच्या, म्हणजे नाशिकच्या उत्तरेकडच्या मुलखाच्या, बागूल राजांची राजधानी. 1638 ला औरंगजेबाने बागलाण घेतलं, तेव्हा तो बादशहा नव्हता, दख्खनचा सुभेदार होता, आणि बागुलांचं राज्य तिथेच संपलं. एवढं मुलाला गाडीतच सांगून ठेवा, कारण वर राजवाडा म्हणून जे उरलंय ते म्हणजे पडक्या भिंती, चौथरे आणि झाडी, गोष्ट माहीत नसेल तर पोरं दोन मिनिटांत कंटाळतात.

माझंच सांगतो, पहिल्यांदा गेलो तेव्हा ग्रुपला बालेकिल्ला, म्हणजे गडाचा सगळ्यात वरचा भाग, गाठायची घाई, राजवाडा बघायचाच राहिला, त्याची खंत अजून आहे. नंतर मुद्दाम एकटा गेलो आणि तासभर तिथेच होतो, दगडांच्या सांध्यात झाडाची मुळं अशी घुसलीत की भिंत मुळांनी धरलीय की मुळं भिंतीने तेच कळेना. म्हणून सांगतो, आईबाबांना माचीपर्यंतच, म्हणजे बालेकिल्ल्याखालच्या सपाटीपर्यंतच न्या, बालेकिल्ला सोडून द्या. माचीवर सोमेश्वराचं देऊळ आहे, राजवाडा तिथून जवळच, आणि मोती तलावाकाठी गणपतीचं देऊळ, त्याचे कोरीव खांब बघा, दशम्यांची शिदोरी तिथेच सोडा.

सटाणा, ताहाराबाद करत मुल्हेर गाव, घरून पहाटे पाचला निघा. मला माचीपर्यंत दीड तास लागतो, तुम्ही अडीच धरा. गावातून एखादा माहितगार सोबत घ्याच, झाडीत वाटा फुटतात आणि राजवाडा पटकन दिसत नाही. माणशी तीन लिटर पाणी घरूनच, बाबांना काठी, आणि मुलाला भिंतींवर अजिबात चढू देऊ नका, दगड सुटे आहेत. पावसाळा संपल्यावर जा, ऑक्टोबर ते जानेवारी बेस्ट. कोजागिरीच्या सुमारास जमलं तर गावात संत उद्धव महाराजांच्या समाधीपाशी रासक्रीडेचा उत्सव असतो, मग मात्र मुक्कामाचंच बघा.