‘निर्दोष मुक्तता’ म्हणजे नेमकं काय? हा शब्द आला कुठून?

ठाण्याला कोर्ट नाक्यावर टायपिंग करतो, त्यामुळे हा शब्द रोज हाताखालून जातो. निकालपत्राच्या शेवटी ‘आदेश’ लिहिलेलं असतं, त्याखाली ओळ येते: ‘आरोपीची कलम ३७९ अन्वये शिक्षापात्र गुन्ह्यातून निर्दोष मुक्तता करण्यात येते.’ नक्कल घ्यायला आलेली माणसं आधी तीच ओळ बोटाने शोधतात.

शब्द संस्कृतातले. ‘दोष’ दुष् धातूपासून, ‘मुक्त’ मुच् म्हणजे सोडणे यापासून. हिंदीत याच अर्थाने वापरतात तो ‘बरी’ मात्र अरबीतून फारसीमार्गे आलेला, आपल्या ‘बरी’शी त्याचा संबंध नाही.

लोक एक गल्लत हमखास करतात. खटला चालून गुन्हा सिद्ध झाला नाही, तर निर्दोष मुक्तता. आरोप ठेवण्याइतकाही आधार नाही म्हणून खटल्याआधीच सोडलं, तर ती वेगळी गोष्ट, आरोपमुक्ती (डिस्चार्ज). सत्र न्यायालयातल्या खटल्यात त्यासाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २२७ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २५०.

‘संशयाचा फायदा’ देऊन सोडलं तरी ती निर्दोष मुक्तताच. ‘सन्मानपूर्वक’ सुटका अशी वेगळी व्याख्या संहितेत नाही. सरकारी नोकरीच्या वेळी मात्र निकालातला हा फरक बघितला जातो, म्हणून निकाल पूर्ण वाचा, नुसती शेवटची ओळ नको.