आडनाव सोडा, जमीन धरा

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण असला कागद मला आत्तापर्यंत तीन घरांत कौतुकाने दाखवला गेलाय. लग्न होऊन इंग्लंडात नॉरफोकला आलात, सासऱ्यांनी फ्रेम केलेला वंशवृक्ष दाखवला, सगळ्यात वर विल्यम राजाबरोबर १०६६ ला इंग्लंड जिंकायला आलेला कोणीतरी नॉर्मन, आणि आता तुम्ही विचारताय की हे खरं धरायचं का, आणि जुनं जमीनदार घराणं नुसत्या इस्टेटीच्या कागदांवरून शोधायचं तर सुरुवात कुठून.

खरं धरू नका. निदान आत्ता तरी नको. का ते तुमच्याच जिल्ह्यातल्या पास्टन घराण्यावरून सांगतो, त्यांची पंधराव्या शतकातली पत्रं जगभर प्रसिद्ध आहेत पण मला पत्रांपेक्षा त्यांच्या जमिनीची भानगड जास्त आवडते.

१४६६ च्या जुलैत चौथ्या एडवर्ड राजाने लेखी जाहीर केलं की पास्टन हे खानदानी लोक आहेत, त्यांचा मूळपुरुष वुलस्टन फ्रान्सहून आला वगैरे. ही वेळ का आली, तर विरोधकांनी आरोप केला होता की ही मंडळी मुळात राजाची बांधील कुळं आहेत, म्हणजे त्यांना स्वतःची म्हणून मालमत्ताच असू शकत नाही. मग पास्टनांनी राजासमोर काय ठेवलं? जुने दस्त आणि कोर्ट रोल, म्हणजे मॅनरच्या (जमीनदाराच्या जहागिरीच्या) कोर्टातल्या नोंदींच्या गुंडाळ्या. पास्टन गावात आमचंच मॅनर कोर्ट चालत होतं आणि आमच्याच हाताखाली बांधील कुळं होती, हे दाखवायला. थोडक्यात वंशावळ सिद्ध झाली ती जमिनीच्या कागदांवर, आणि त्यातला बराचसा भाग सोयीने रचलेला असावा असं बहुतेक अभ्यासक मानतात, मलाही तसंच वाटतं.

कारण विरोधकांच्या बाजूचं एक टिपणही उरलंय. त्यात म्हटलंय की त्यांचा पूर्वज क्लेमंट पास्टन हा साधा शेतकरी, वर्षभर एक नांगर आणि जवाच्या पेरणीला कधी दोन, बिनखोगिराच्या घोड्यावर धान्य टाकून त्यावरच बसून गिरणीला जायचा, जमीन फार तर १०० ते १२० एकर आणि त्यातली बरीचशी गिमिंगहॅम हॉलची बांधील जमीन, बायकोही बांधील कुळातली, आणि पोराला शिकवायला पैसे उसने काढले. टिपण अर्थातच खुन्नस काढायला लिहिलेलं आहे. पण त्यात तुमच्या कामाची चावी आहे बघा. गिमिंगहॅम लँकेस्टर डचीचं (डची म्हणजे ड्यूकची मोठी जहागीर), आणि ती डची १३९९ पासून राजाकडे. म्हणजे वर चढत असलेल्या घराण्याचं मूळ शोधायचं तर त्यांचे स्वतःचे कागद बघून भागत नाही, ज्याची जमीन ते कसत होते त्या शेजारच्या मालकाचे कागद बघावे लागतात. डचीचे कागद आज लंडनला क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो की आडनाव सोडा आणि जमीन धरा. आडनावं बदलतात, एकच नाव पाच प्रकारे लिहिलेलं असतं, आणि नावं तर विचारूच नका. जॉन पास्टनचे (तो १४६६ च्या मे मध्ये वारला) थोरले दोन मुलगे, दोघांचं नाव जॉन! दोघं एकाच वेळी हयात, दोघंही पुढे सर. थोरला १४७९ ला गेला आणि इस्टेट धाकट्याकडे आली, आता नुसतं "सर जॉन पास्टन" वाचून तुम्ही काय ठरवणार? कुठली जमीन, कोणाकडून आली, कोणाला गेली हे धरलं की दोघं आपोआप वेगळे होतात.

आता प्रत्यक्ष कागद. एक म्हणजे मृत्यूनंतरची चौकशी, ती साधारण १२३६ पासून मिळते. राजाकडून थेट जमीन धरणारा मेला की राजाचा अधिकारी गावातल्या माणसांना शपथेवर विचारायचा, याच्याकडे काय काय होतं, कोणाकडून धरलं होतं, वारस कोण आणि वय किती. आपल्याकडच्या वारस नोंदीच्या फेरफारासारखंच समजा, फक्त इथे तलाठ्याऐवजी राजाचा माणूस आणि हेतू राजाची वसुली. वय वाचताना सावध, "२१ आणि त्याहून जास्त" असं असेल तर माणूस सज्ञान आहे एवढाच अर्थ, तो चाळीसचाही असेल. जमिनीची किंमतही बरेचदा कमी सांगितलेली असते, तेव्हाही लोक लोकच होते. आणि राजाकडून थेट काहीच धरलं नसेल तर बहुधा चौकशीच नाही, मग घराणं कितीही मोठं असो.

दुसरं म्हणजे फाइन. फाइन म्हणजे दंड नव्हे, राजाच्या कोर्टात खोटाखोटा दावा लावून केलेली तडजोड, थोडक्यात जमिनीचं हस्तांतर पक्कं करायची युक्ती. एकाच चामड्यावर मजकूर तीनदा लिहायचे, नागमोडी कापायचे, दोन्ही पक्षांना एकेक आणि खालचा तुकडा सरकारजमा. हे खालचे तुकडे ११९५ पासून १८३३ पर्यंत सलग आहेत. माझ्या मते तर नवशिक्याने इथूनच सुरू करावं, कारण नवरा, बायको, गाव, एकर सगळं चार ओळीत मिळतं.

मग कोर्ट रोल आणि कारभाऱ्याचे हिशेब. हिशेब २९ सप्टेंबरच्या मायकलमस सणापासून पुढच्या मायकलमसपर्यंत. लॅटिन आहे, तेही तोडून तोडून लिहिलेलं, पण तीच तीच वाक्यं येतात, दोन महिने बसलात की मोडी लागते तसं डोळ्याला लागतं. तुमच्या भागात एक अडचण मात्र आहे, १३८१ च्या बंडात नॉरफोकमध्ये ठिकठिकाणी कुळांनी कोर्ट रोल जाळले (शेवटची लढाई नॉर्थ वॉलशॅमला झाली, पास्टनपासून अगदी जवळ), तेव्हा त्याआधीचे रोल नसले तर लगेच हार मानू नका, फाइन आणि चौकशा लंडनला होत्या त्या वाचल्या.

तारखांबद्दल एक, कारण यात मी स्वतः एक अख्खा उन्हाळा वाया घालवलाय. कागदावर सन नसतो, राजाचं वर्ष असतं. तिसरा एडवर्ड २५ जानेवारी १३२७ ला गादीवर आला, म्हणून त्याच्या दहाव्या वर्षाची २० जानेवारी म्हणजे १३३७. पण तेव्हाच्या लोकांचं नवं साल २५ मार्चला लागायचं, त्यामुळे त्यांच्या लेखी तो १३३६ च. मी एका पिढीत बापाच्या आधी मुलगा मारून ठेवला होता.

आणि बायकांना विसरू नका, इथेच जास्तीत जास्त लोक चुकतात. विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा तहहयात मिळायचा, शिवाय लग्नात लावून दिलेली जमीन वेगळी. जज्ज विल्यम पास्टन (क्लेमंटचा तो शिकलेला पोरगा, वरच्या जॉनचा बाप) १४४४ ला गेला, त्याची बायको अ‍ॅग्नेस १४७९ पर्यंत जगली, म्हणजे ३५ वर्षं ऑक्सनेड वगैरे तिच्या हातात. मुलाच्या नावावर शोधत बसलात तर वाटेल जमीन गेली कुठे. सून मार्गारेट तर माउटबीची वारसदार, स्वतःची जमीन घेऊन आलेली. १४६५ च्या ऑगस्टमध्ये ड्रेटन मॅनरवर सफोकच्या ड्यूकने हक्क सांगितला तेव्हा नवरा लंडनला कैदेत आणि हिने माणसं पाठवली ती नवऱ्याच्या नावाने कोर्ट भरवायला, समोर ड्यूकची साठावर माणसं उभी असताना. कोर्ट ज्याने भरवलं आणि खंड ज्याने वसूल केला त्याचा ताबा, असा सगळा मामला. त्यामुळे कोर्ट रोलवर मालक म्हणून नाव आहे म्हणजे तो निर्विवाद मालक होता असं समजू नका, त्या आठवड्यात त्याची माणसं जास्त होती एवढंच कधी कधी खरं असतं.

आता कागद सापडणार कुठे. लोक म्हणतात घराणं संपलं, कागदही गेले. पण कागद जमिनीच्या मागे जातात. नॉरफोकचाच जमीनदार सर जॉन फास्टॉल्फ १४५९ ला निपुत्रिक वारला, पास्टन म्हणाले त्याने मरताना सगळं आम्हाला दिलं, त्यावरून वर्षानुवर्षं भांडण, १४६९ ला त्याच्या केस्टरच्या किल्ल्याला वेढा, आणि शेवटी तडजोडीत इस्टेटीचा मोठा भाग बिशप वेनफ्लीटमार्फत ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजला गेला. म्हणून नॉरफोकच्या फास्टॉल्फचे दस्त आज ऑक्सफर्डच्या कॉलेजात सुखरूप आहेत, कारण कॉलेज मरत नाही आणि मालकी हक्काचा कागद कोणी फेकत नाही. तेव्हा जमीन शेवटी कोणी घेतली ते बघा, कॉलेज, कॅथेड्रल, नाहीतर दुसरं घराणं, आणि तिथे चिठ्ठी टाका.

तुम्ही नॉरफोकलाच आहात तर नॉरिचच्या रेकॉर्ड ऑफिसला जाऊन या, त्याआधी घरी बसून मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टर उघडा, नॉरफोक ऑनलाइन आहे, गावाचं नाव टाकलं की त्या मॅनरचे कोणते रोल कुठे आहेत ते दिसतं. एका गावात दोन-तीन मॅनर असू शकतात, सगळे लिहून घ्या.

आणि हो, सासऱ्यांशी आत्ता वाद नको. त्यांना फक्त विचारा की त्या फ्रेममध्ये सरदारांच्या नावापुढे एखाद्या गावाचं नाव आहे का. १०६६ चं नको, १४०० च्या आसपासचं असेल तर बरं. ते इथे टाका, मग पुढचं बघू.