आयटीआय फिटर झालाय, सोलापुरातच नोकरी मिळेल का, की पुणे गाठावं?

मिळेल, पण पगाराचा आकडा ऐकून मन खट्टू होईल. मी स्वतः अक्कलकोट रोड एमआयडीसीत तीन वर्षं काढलीत, म्हणून सांगतो.

सोलापूर गिरण्यांवर वाढलं. जुनी मिल 1877 ची. या गिरण्या बंद पडल्या आणि कायम नोकरी ही गोष्टच गावातून गेली. मागे उरले चादर-टॉवेलचे कारखाने आणि घरोघरी सुपात पानं घेऊन बसलेल्या विडी वळणाऱ्या बायका. त्यांची मजुरी आजही हजार विड्यांवर ठरते. टॉवेल परदेशी जातो, त्यामुळे तिकडची मागणी घटली की इकडे पाळी बंद.

भरतीची जाहिरात वगैरे विसरा. गेटवर जायचं, ओळखीच्या जॉबरचं (मुकादमाचं) नाव सांगायचं, दुसऱ्या दिवशी डबा घेऊन हजर. पाळी बहुधा बारा तासांची. माझ्या पहिल्या ठेकेदाराने पीएफ कापला, भरला मात्र नाही. आठ महिन्यांनी पासबुक उघडलं तेव्हा कळलं! म्हणून पहिल्याच महिन्यात यूएएन, म्हणजे तुमच्या पीएफचा कायमचा नंबर मागा. वीस किंवा जास्त कामगार असतील तर पीएफ लागू होतो, आणि महिना 21,000 पर्यंत पगार असेल तर ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्डही मागा.

पुण्यात हातात जास्त पडतात हे खरं, पण खोलीभाडं आणि मेस वजा करून मगच तुलना करा. मी तुमच्या जागी असतो तर आधी पुण्याजवळ चाकणला अप्रेंटिसशिप केली असती. ते प्रमाणपत्र घेऊन परत आलात तर इथला मालकही खुर्ची देऊन बोलतो.