मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका

तुमचे वडील 62 वर्षांचे, मधुमेह आहे, वर्षात दोनदा चष्म्याचा नंबर बदलूनही धुरकट दिसतं, आणि घरातले म्हणतात "पिकू दे, मग काढू". माझ्या आईच्या वेळी हेच ऐकून आम्ही दोन वर्षं घालवली, म्हणून सविस्तर लिहिते.

68व्या वर्षी आई एकाएकी चष्म्याशिवाय पेपर वाचायला लागली. केवढा आनंद झाला होता सगळ्यांना! प्रत्यक्षात भिंगाचा मधला भाग घट्ट होऊन तिला उणे नंबर आला होता. अक्षरं दिसायची, पण बसची पाटी दिसायची नाही. संध्याकाळी समोरून गाडीचा दिवा डोळ्यांवर आला की ती रस्त्यातच थांबायची.

बाहुलीमागचं भिंग पाणी आणि प्रथिनांचं असतं. वयाबरोबर त्या प्रथिनांच्या गुठळ्या होतात आणि भिंग गढूळ होतं. मधुमेह, बरीच वर्षं घेतलेली स्टिरॉइड्स, डोळ्याला लागलेला मार, धूम्रपान यांनी ते लवकर होतं. कुठल्याही थेंबांनी ते पुन्हा स्वच्छ होत नाही. मध किंवा गुलाबपाणी तर कृपया घालू नका.

"पिकू दे" हा सल्ला जुन्या काळातला. तेव्हा भिंग काढलं की जाड काचांचा चष्मा आयुष्यभर लागायचा. लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी 1949 साली पहिलं कृत्रिम भिंग बसवलं, आणि अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी 1967 मध्ये ध्वनिलहरींनी भिंग फोडून काढायची पद्धत आणली. तीच आजची फेको. दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून काम होतं, बहुतेकदा टाकेही लागत नाहीत. पण मोतीबिंदू जितका पिकून कडक होईल, तितकं ते फोडणं अवघड. फार पिकला तर भिंग फुगून डोळ्यातला दाब वाढू शकतो. रोजच्या कामाला अडचण व्हायला लागली, की तीच ऑपरेशनची वेळ.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत मला एका गोष्टीची जास्त काळजी वाटते. मधुमेहात डोळ्याचा पडदाही खराब होतो, आणि मोतीबिंदू दाट झाला की डॉक्टरांना तो पडदा नीट दिसतच नाही. म्हणून आधी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या आणि डोळ्याचा दाबही मोजून घ्या. दाब वाढून होणाऱ्या काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. (बाहुली मोठी करायला घालतात त्या थेंबांनंतर काही तास अंधुक दिसतं, त्यांना गाडी चालवू देऊ नका.) अचानक अंधारी, दुखणं, लाली, ठिणग्या किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

ऑपरेशननंतर थेंब वेळापत्रकाप्रमाणे घाला, डोळा चोळायचा नाही. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुरकट झालं, तर घाबरू नका. नव्या भिंगामागची पातळ पिशवी गढूळ झालेली असू शकते, आणि ती काही मिनिटांच्या लेझरने मोकळी होते.

पट्टी काढल्यावर आई स्वयंपाकघराच्या पडद्याकडे बघत राहिली. "हा निळा आहे? मी हिरवट समजत होते." मग एकदा हा डोळा झाकून, एकदा तो झाकून बघत बसली. पिवळट झालेलं भिंग निळा रंग अडवत होतं. दुसऱ्या डोळ्याची तारीख तिने स्वतःच डॉक्टरांकडे मागितली.